दुसऱ्याची तहान

२ मे १९८७

घर लागलं एकदाचं! अजून पोळपाट सापडत नाही आणि पुस्तकांची खोकी तशीच बांधलेली आहेत, पण पडदे लागले, गॅस जोडून झाला, आणि संध्याकाळी गच्चीवर समुद्राकडचं वारं येतं, हे कळल्यापासून मला मद्रास आवडायला लागलं आहे. शरदचा कारखाना गिंडीला, आम्ही टी. नगरच्या एका मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. साताऱ्याला आई उगीच घाबरली होती.

खाली घरमालकीण सकवारबाई एकट्या राहतात. तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या कित्येक पिढ्या इकडेच गेल्या. त्या बोलायला लागल्या की कुणी बखर वाचून दाखवतंय असं वाटतं, फक्त मध्येच तमिळ शब्द येतात आणि हेलही तमिळच. विदूला पाहून त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. आठ महिन्यांच्या बाईसाहेब लगेच त्यांच्या कडेवर. सगळ्या गल्लीला खालचे दोन दात दाखवून झाले आहेत.

मागची खोली सगळ्यात गार, खिडकीत कडुलिंब. पाळणा तिथेच टांगला. सकवारबाई म्हणाल्या, पुढच्या खोलीत निजवा लेकराला. पण पुढे दुपारभर ऊन असतं. मी हसून वेळ मारून नेली.

६ मे

पाण्याची लॉरी आली की सारी गल्ली प्लास्टिकचे कुडम, म्हणजे इकडच्या घागरी, घेऊन धावते. आज मीही धावले. शेजारणीने मला तिच्यापुढे घेतलं. भाषा येत नाही, पण हातवाऱ्यांवर भागतं.

विदूला सकाळपासून जुलाब होताहेत. दात येताहेत म्हणून असेल. दोनदा उलटीही झाली. शरद म्हणतो, पाणी बदललं की होतंच असं. मी उकळूनच देते आहे.

७ मे

जुलाब थांबेनात, म्हणून पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. फार चांगल्या वाटल्या. घाबरू नका म्हणाल्या. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, आणि मधूनमधून मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी चमच्याचमच्याने. उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा. पेजही चालेल. लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगितलं. रडताना डोळ्यांत पाणी येतं का, जीभ ओली आहे का, शू होते का, टाळू खोल जात नाही ना. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट व्हायला हवी.

घरी येऊन लगेच वाटी-चमचा घेऊन बसले. विदू शहाण्यासारखी प्यायली. तेवढ्यात सकवारबाई धापा टाकत जिना चढून आल्या. आजारी बाळाला बघायला आल्या असतील असं वाटलं. त्यांनी माझा हातच धरला.

"चमचा वाजवूं नको गे, पोरी. वाटीस लागूं देऊं नको."

का, म्हणून विचारलं तर सांगेनात. मला रागच आला. घर भाड्याने दिलं म्हणजे बाळाला भरवायचं कसं तेही का शिकवायचं?

८ मे

दिवसभर भरवते आहे. वाटीमागून वाटी संपते. तरी आज ना जुलाब, ना शू; लंगोट कोरडाच. मग एवढं पाणी जातं कुठे?

दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि खोली एकदम गप्प झाली. तेव्हा विदू म्हणाली, "पा." स्पष्ट म्हणाली. शरद घरी आल्यावर त्याला सांगितलं, तर त्याने तिला उचलून घेतलं. आजारातसुद्धा माझी लेक बोलायला लागली म्हणाला. मी त्याला सांगितलं नाही की तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते.

९ मे

आज नीट बघितलं. चमचा काठोकाठ भरून घेते. हात कापत नाही. विदूच्या ओठांपाशी नेईपर्यंत चमचा रिकामा. झबलं कोरडं, चादर कोरडी, माझी मांडी कोरडी. पुन्हा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चमचा अर्ध्यातच थांबवला, तर पाणी माझ्या डोळ्यांदेखत कमी होत गेलं. कुणी अधाशासारखं ओढून घ्यावं तसं. चमच्याला हलकासा हिसकाही बसला.

विदू रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. टाळू बोटाला खोल लागते.

शरदला सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तुझी झोप झालेली नाही म्हणाला.

१० मे

सकाळी मीच खाली गेले. सकवारबाई तांदूळ निवडत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांनी सूप खाली ठेवलं.

त्यांचा मुलगा नागोजी. दीड वर्षाचा होता. असेच जुलाब लागले होते. त्या काळी जुलाबात पाणी तोडायचे. वैद्याने सांगितलं आणि सासूने ते पाळलं. वर मागच्या खोलीत मूल, आणि सकवारबाईंना खाली बसवून ठेवलेलं. वर जाऊ देत नसत. घरात कुठे भांडं वाजलं की नागोजी रडं थांबवून ऐकत राही, आणि मग "पा, पा" म्हणे. त्याला पाणी म्हणता येत नव्हतं. मग एका दुपारी तेही थांबलं.

मी विचारलं, याआधी वर राहिलेल्यांना काही झालं का? त्या म्हणाल्या, त्यांच्यांत तान्हं कुणी नव्हतं. नंतर अगदी हळू म्हणाल्या, "तो वाईट नव्हे गे. त्यास तहान आहे."

मी वर येऊन विदूला दुपट्यात गुंडाळलं. आता या घरात थांबायचं नाही.

१० मे, संध्याकाळ

नर्सिंग होममध्ये आहोत. डॉक्टरीणबाईंनी विदूच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. सोडल्यावर ती तशीच उभी राहिली. लगेच सलाईन लावलं.

रिक्षात विदू शरदच्या हातात होती. माझे हात मोकळे होते. तरी माझ्या मांडीवर ओझं होतं. मूल बसल्यासारखं. खड्डा आला की ते पदराला धरत होतं.

११ मे

सलाईन चालू आहे, पण पोरगी सुधारत नाही. डॉक्टरीणबाई नळी तपासतात, सुई बदलतात, कपाळाला आठ्या घालतात. त्यांना कळत नाही. मला कळतं. मी खाटेजवळ आहे तोवर तो खाटेजवळ आहे.

दुपारी पाजायला घेतलं. विदूत ओढायची ताकद उरलेली नाही, तोंड नुसतं टेकून पडली. आणि दुसऱ्या बाजूला — त्या बाजूला कुणी नव्हतं — पान्हा फुटला. तिकडे कुणीतरी ओढत होतं. दात होते त्याला.

मी ओरडणार होते. ओरडले नाही. तो ओढता ओढता हुंदके देत होता. किती वर्षांचा तहानलेला जीव. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला केस लागले. मऊ.

आणि तेवढ्यात विदूच्या सलाईनची बाटली वेगाने ठिबकायला लागली.

१२ मे

काय करायचं ते ठरलं. शरदला म्हटलं, मला ताप वाटतोय, बाळाला लागायला नको, मी घरी जाते. निघताना विदूचं तोंड बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

बसमध्ये गर्दी होती. माझ्या शेजारी मात्र कुणी बसलं नाही. मांडीवर तो होता.

मागच्या खोलीत बसले आहे. आतून कडी घातली आहे.

१३ मे

सकवारबाईंच्या फोनवर निरोप आला. त्या दाराबाहेर उभं राहून ओरडून सांगत होत्या — विदूला शू झाली! रडली, आणि गालांवरून पाणी ओघळलं!

मी हसले. ओठ फुटून रक्त आलं.

तो पितोय. सोडत नाही. दूध कालच संपलं. मी कुडमभर पाणी प्यायले, तरी घशाला काही लागत नाही. सगळं त्याच्याकडे जातं.

जाऊ दे. इथे आहे तोवर तिथे नाही.

१४ मे

सकवारबाई दाराशी बसून आहेत. मी त्यांना सांगितलं, शरदला यायला सांगू नका. बाळ आणायचं तर मुळीच नाही. त्या रडताहेत. त्याला हाक मारताहेत. राजा, माझ्याकडे ये म्हणतात. तो जात नाही. त्यांच्याकडे त्याला पाणी मिळालं नव्हतं —

लघवी नाही. डोळे चुरचुरतात. उभी राहिले की खोली फिरते.

जड झालाय. वाढतोय का?

१५ मे

हात नीट चालत नाही.

पेज घेतली. त्याने —

विदू पेज खाते म्हणे. चांगलं आहे. माझी शहाणी —

१६ मे

दुपार. पंखा बंद.

सकवारबाई खाली कुणाशी तरी भांडताहेत. शरदचा आवाज. हसतोय. त्यांना म्हणतोय, अहो, बरी झाली ती, आईला दाखवायला आणलीय —

नको.

हाक मारते आहे, आवाज निघत नाही. जीभ टाळ्याला —

जिन्यावर पावलं. विदू रडते आहे. भुकेचं रडं. किती दणदणीत —

त्याने ओढायचं थांबवलं. ऐकतो आहे.

शरद कडी हलवतोय. जुनी कडी, एका धक्क्यात —

राजा, इकडे बघ. माझ्याकडे. अजून आहे, बघ, अजून थोडं आहे —

शरद दार उघडू नको माझ्या मांडीवर आता कुणी