चौथ्या दिवसाचं ताट

ता. सोनपेठ, ५ फेब्रुवारी २०२५

चि. भागवतास,
आजी धुरपताबाईचा आशीर्वाद वि. वि. तू फोन मठात जमा करून आलास, म्हणून मी सांगते अन् तुझी बहीण नीलम लिहिते. ती म्हणती, आजी, जरा नरम सांग. मी म्हणलं, हात तुझा, तोंड माझं.

त्या मठानं तुला अकरा वर्षं धर्मप्रचाराला मुलुखभर फिरवलं. घसा गेला, तर शाल-नारळ देऊन वाटेला लावलं. लय मोठी माणसं! बैल थकला तर आमी त्याला गोठ्यात तरी ठेवतो.

पण त्यांच्यापेक्षा तुझाच राग जास्त हाय. स्वतःच्या घरी आलास अन् उंबऱ्याबाहेर उभा, कुणी ‘या महाराज’ म्हणायची वाट बघत! चौथ्या दिवशी सकाळी जेवलास, ताटातच हात धुतलास, पिशवी उचलली. का, तर प्रचारकानं एका घरी तीन रात्रींवर राहू नये. अरे, हे घर हाय का धर्मशाळा? वर दैवशालाला आशीर्वाद दिलास. जन्म दिलेल्या आईला! ती त्या दिवशी जेवली न्हाई.

लोभ हाय, पण आटायलाय.
धुरपताबाई (अंगठा)

पाथरी, ११ फेब्रुवारी

ती. आजीस,
भागवतचा शि. सा. न. वि. वि. पत्र माझ्या शाळेतल्या मित्राच्या, महारुद्रच्या दुकानावर मिळालं. त्याच्याकडे तीन रात्री झाल्या, आता दुसऱ्या मित्राकडे, रामहरीकडे आहे. हसू नकोस.

अकरा वर्षांत मी कुणाच्याच घरी चौथा दिवस पाहिला नाही. तीन दिवस लोक पाया पडतात. पुढं घरात माणसानं काय करायचं असतं, ते मला ठाऊक नाही. आता प्रवचनाला घसाही नाही. नुसत्या भागवतला तुम्ही किती दिवस सांभाळाल? आईला सांग, चुकलं.

राग सरेपर्यंत माया आटू देऊ नकोस.
भागवत

सोनपेठ, १५ फेब्रुवारी

चि. भागवतास,
आशीर्वाद. नीलमनं पत्र दोनदा वाचलं. दैवशाला चुलीकडं तोंड करून ऐकत होती, भाकर करपली.

घसा न्हाई म्हणतोस? बरं झालं. या घराला माझा एकटीचा पुरतो.

चौथ्या दिवशी काय करायचं, विचारतोस. तू टाकून गेलास ते उष्टं ताट न्हाणीपाशी तसंच हाय. मुंग्या लागल्या, नीलम नाक मुरडती, पण मी कुणाला हात लावू दिला न्हाई. पाहुण्याचं ताट आमी घासतो. घरच्यानं आपलं आपण घासायचं.

राख काढून ठेवलीय. ये.
तुझी आजी (अंगठा)