(६, ५) वरचं घर

प्रिय धाकट्या,

आईच्या मनगटाचं प्लास्टर अजून पाच आठवडे राहणार आहे. जेवते नीट, पण शिवणकाम बंद, म्हणून सगळ्यांवर चिडचिड चालते. माझ्या वर्गात सध्या मध्यबिंदू सुरू आहे. निम्मी पोरं अजून तुझीच चूक करतात, बेरजेऐवजी वजाबाकी करून निम्मे करतात. तुला शिकवताना माझा घसा बसायचा, आठवतं?

म्हणूनच बाबा गेल्यावर तू नकाशावरून आपली गावं आलेखाच्या कागदावर उतरवलीस आणि पहिल्या झटक्यात उत्तर काढलंस, तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं! तुझं गाव (२, ३), माझं (१०, ७). बेरजा बारा आणि दहा, निम्मे सहा आणि पाच. (६, ५) वर खरंच एक गाव निघालं, दोघांनाही चार तासांवर. कुणाची कुरकुर नको, म्हणून आईला तिथे खोली घेऊन दिली. तुमचं गणित चुकायचं नाही, एवढंच ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. तिला कुठे राहायचंय, हे आपण विचारलंच नाही.

ती शनिवारी पडली. शेजारच्या नर्सबाईंनी दोघांनाही फोन केला. मला वाटलं तू निघाला असशील, तुला वाटलं मी. सोमवारी दुपारी मी पोचले, तर तिने पलंगाशी दोन खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. मला फार लाज वाटली रे. मी पोचल्याचं कळल्यावर तुझा जीव भांड्यात पडला आणि तुझं येणं राहूनच गेलं. मध्यबिंदू दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो, हे मी वीस वर्षं शिकवतेय. तो दोघांपासून सारखाच लांबही असतो, हे तिथे कळलं.

खोली आवरताना मशीनच्या खणात तो कागद सापडला. कापडाला घालते तशी नखाने दाबून तिने त्याला घडी घातली होती, पण तिरकी. आईची घडी आणि तिरकी? उजेडात धरून पाहिलं. घडी बरोबर (६, ५) मधून गेली होती आणि तुझा ठिपका माझ्या ठिपक्यावर आला होता.

तिला मी माझ्याकडे आणलंय, कायमचं. तुला न विचारता, म्हणून हे पत्र. आता तुला आठ तास पडतील, ठरलेलं मी मोडलं, सगळं कबूल. भांडायचं तर भांड, पण इथे येऊन भांड. तिने इथेही पलंगाशी दोन खुर्च्या मांडायला लावल्यात. एकीवर मी बसते. दुसरीवर ती कुणाला बसू देत नाही.

तुझीच,
ताई