होकाराचे घर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. १२ ऑक्टोबर १९५३

ति. सौ. अक्कास,
अंबूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल अण्णामास्तरांनी माझं पुरं सुटलेलं कोडं चूक धरलं, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं.

अण्णा म्हणजे कालिंदीचे वडील, साप्ताहिकाला शब्दकोडी देतात ते. दर रविवारी आम्ही त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमतो. तिथला कायदा असा की नुसतं उत्तर चालत नाही. ते कसं आलं ते उभं राहून फोडून सांगायचं. कारण दिलं की उत्तर बरोबर. कारण नसेल तर सगळी घरं भरलेली असोत, कोडं कोरंच.

काल सगळ्यांआधी मी भरलं. एक सूत्र होतं, ‘गरीब उलटला आणि वाहू लागला’. मी ‘नदी’ लिहिलं. अण्णांनी विचारलं कशावरून. मी म्हटलं, वाहते ती नदीच की, त्यात सांगायचं काय! लगेच सांगलीचे ते प्राध्यापक चष्मा पुसत उठले. गरीब म्हणजे दीन, आणि दीन उलटा वाचला की नदी. झाली वाहवा. हे गृहस्थ कोड्यासाठी येत नाहीत हे पेठेतल्या म्हशींनाही ठाऊक आहे.

वर अण्णांनी ऐकवलं, की कॉलेजातही तू हेच केलंस. गणिताचं उत्तर लिहिलंस, रीत लिहिली नाहीस, आणि मार्क कापले म्हणून वर्गाचं दार आपटून कायमचा घरी आलास.

अक्का, माझं डोकं फिरलं. मी तिथंच, सगळ्यांदेखत, कालिंदीला मागणी घातली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. अण्णा हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, दिवाळीचं कोडं पुढच्या रविवारी तुझ्या हाती देतो. ते छापायला जाण्याआधी, एक तारखेच्या बैठकीत, प्रत्येक सूत्र न अडखळता फोडून दाखव. मग तुझी मागणी ऐकेन. नाहीतर त्याच संध्याकाळी सांगलीकरांबरोबर सुपारी फोडतो.

तात्यांना यातलं काही कळवू नकोस, मुलाचं हे ऐकून ते भडकतील. माझ्यावर आहे तेवढी माया शाबूत ठेव.

तुझा
अंबादास

कुरुंदवाड
ता. १७ ऑक्टोबर १९५३

चि. अंबूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग परत पहिल्यापासून वाचलं. लहानपणी लाडू कुणी खाल्ला विचारलं की तू छडीसाठी हात पुढे करायचास, का खाल्लास ते कधी सांगायचा नाहीस. अजून तोच आहेस.

आता माझं ऐक. प्रत्येक सूत्र मला फोडून लिहून पाठव. मला कोड्यातलं ओ की ठो कळत नाही. मला समजलं तर बैठकीला समजेल.

आणि एक विचारते. मागणी घातलीस ती अण्णांना. त्या मुलीला काही विचारलंस का? तिचं उत्तर मला पत्रात कुठं दिसलं नाही.

तात्यांना सांगितलेलं नाही. जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तो टांगून ठेवू नकोस.

तुझी
अक्का

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. २४ ऑक्टोबर १९५३

ति. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बावड्याच्या कचेरीतल्या कारकुनीतून आलो की कोडं, कोड्यातून उठलो की कारकुनी. घे आता.

‘आईमागे गुप्तहेर, तरी मुलीला तेच गोड’. आई म्हणजे मा, पुढे हेर. माहेर. ‘टपाल घट्ट बांध, की पंगत बसलीच’. टपाल म्हणजे पत्र, घट्ट बांध म्हणजे आवळ. पत्रावळ.

आता हे बघ. ‘पहिला सूर, मागे मास्तर, तिथं जाऊन राहायचं’. सा आणि सर, सासर! सांगलीच्या सरांसाठी हे मुद्दाम घातलंय असं वाटून मी कागद फाडायला निघालो होतो. खोलीतल्या केरबानं हात धरला.

पण शेवटचा आडवा शब्द ऐक. ‘व्हय म्हटलं आणि मोटार आली, वर एवढ्याचीच वाट बघतो’. व्हय म्हणजे हो, मोटार म्हणजे कार. होकार! अक्का, सूत्रं अण्णा सांगतात, पण त्यांना मोतीबिंदू आहे. चौकट आखून शब्द बसवते कालिंदी. म्हणजे हा शब्द तिनं बसवलाय, माझ्या मागणीनंतर. आणखी काय विचारायचं तिला? केरबा म्हणतो, पावणं, पोरगी तोंडानं न्हाय म्हणाली तर? मी त्याच्याशी बोलणं सोडलंय.

माझ्यासाठी देवापुढे दिवा लाव, आणि लोभ आहे तो वाढव.

अंबू

कुरुंदवाड
ता. २८ ऑक्टोबर १९५३

चि. अंबूस,
अनेक आशीर्वाद.

सगळं समजलं. पत्रावळ तर मला खुलाशाआधीच सुटली, यांना दाखवून मिरवलं.

होकार मात्र पटला नाही. तो चौकटीतला शब्द आहे, अंबू. मला तुझ्या मेव्हण्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते हे चौकटीतून कुणालाच कळलं नसतं. तिला विचार. केरबाशी बोल.

राग आवर आणि आमची आठवण ठेव.

अक्का

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. १ नोव्हेंबर १९५३

ति. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आत्ताच बैठकीतून आलोय. घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

मी सगळी सूत्रं फोडली. एका ठिकाणी जीभ अडखळणार होती, तेव्हा तुला लिहितोय असं मनात धरलं आणि निभावलं. सासर सांगताना सांगलीकरांकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी होकार सांगितला आणि सोपा टाळ्यांनी भरला. अण्णा म्हणाले, आज रीत दिसली. बोल आता.

मी बोलणार होतो त्यांच्याशीच. तुझं पत्र खिशात होतं. मी आतल्या दाराकडे वळलो. कालिंदी सुपारीचं तबक घेऊन उभी होती. मी तिला विचारलं, हा होकार तुमचाच ना?

तिनं तबक खाली ठेवलं. म्हणाली, नाही. त्या कोपऱ्यात उभी ‘होडी’ आधीच बसली होती. हो-नं सुरू होणारा तीन घरांचा दुसरा शब्द सुचेना, म्हणून होकार घातला. मग सांगलीकरांकडे वळून म्हणाली, यांनाही नाही. मला कॉलेज पुरं करायचंय. एवढे रविवार सगळे कोडी सोडवत बसलात, मला कुणी विचारलंच नाही.

अण्णा उठले. त्यांचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठ्यांसमोर तोंड उघडतेस, आजच सुपारी फुटणार, असं काहीबाही. सांगलीकर चष्मा पुसत राहिले. कालिंदी भिंतीला टेकली होती, पण मान खाली घातली नव्हती. माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं, आणि खरं सांगू, निम्मा राग तिच्यावरच होता.

तरी मी अण्णांना म्हटलं, तिनं उत्तर दिलं आणि कारणही दिलं. कारण दिलं की उत्तर बरोबर, हा कायदा तुमचा आहे. सुपारी फोडलीत तर कायदा मोडलात.

अण्णा हळूहळू खाली बसले. तबक होतं तिथंच राहिलं.

मी वहाणा घातल्या, बाहेर आलो आणि दार मागे ओढून घेतलं. आपटलं नाही.