तीन वर्षांची हमी

१४ एप्रिल १९५७

ज्ञातीच्या विद्याफंडात जाऊन आले. बाबा होते तोवर फीचा विचारच कधी केला नव्हता. कार्यवाह मनमोहनराव म्हणाले, "मार्क चांगले आहेत, उर्मिला. इंटरपासून बी. ए.पर्यंत तीन वर्षं शिष्यवृत्ती मिळेल. पण मागं एका मुलीला दिली, आणि दिवाळीनंतर आम्ही तिच्या लग्नाचे लाडू खाऊन आलो. तेव्हापासून नियम केलाय. बी. ए. होईपर्यंत लग्न नाही, अशी घरच्या वडीलधाऱ्यांनी हमी द्यायची."

वडीलधारे म्हणजे आता काका.

१५ एप्रिल

काकांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मुंबई महाराष्ट्राला मिळायची तेव्हा मिळेल, हिला आधी घर मिळू दे. दादाचं वर्ष व्हायच्या आत लग्न उरकायला हवं, वहिनी. नाहीतर तीन वर्षं घरात कार्य करता येत नाही."

आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. माझ्या बाजूनं एक शब्द नाही!

५ मे

दादरचं स्थळ येऊन गेलं. मुलगा शांत वाटला. आई म्हणाली, पत्रिका जुळत नाही. आधीचा उंचीला कमी, त्याच्या आधीच्यांचं घर अंधारं. काका म्हणाले, "वहिनी, जावई हवाय की राजपुत्र?"

बाबांनंतर तिला मी नजरेआड नको असेन. कॉलेज नाही, लग्नही नाही — मग मी करायचं काय?

२ जून

आणखी एक स्थळ परत.

१८ जून

बाबांचं वर्षश्राद्ध झालं. त्यांची काठी अजून दाराआडच आहे, कुणी हलवलेली नाही.

काका जाताना म्हणाले, "गेलं वर्ष. आता बसा तीन वर्षं." आई म्हणाली, "बसू."

२२ जून

आई आज स्वतः फंडात आली, काकांना घेऊन. मनमोहनरावांनी हमीचं विचारलं. आई शांतपणे म्हणाली, "भावोजी, आपल्या घरात आता लग्न कधी करता येईल, ते सांगा यांना."

काका म्हणाले, "तीन वर्षं नाही."

शिष्यवृत्ती मंजूर झाली. म्हणजे ती उंची, तो अंधार, ती पत्रिका — सगळं वर्ष सरावं म्हणून?

२३ जून

आईला विचारलं, दादरच्या मुलाची पत्रिका खरंच जुळत नव्हती?

"छान जुळत होती. माझी आणि तुझ्या बाबांचीही अशीच जुळली होती. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते."