आमच्या पिकअपची बॅटरी कोण खातं

सोमवार, ६ ऑक्टोबर
पिकअप आज पुन्हा मेलेली. डॅडनी किल्ली फिरवली, नुसतं टक् वाजलं. मग नेहमीप्रमाणे रस्त्यापलीकडच्या डार्लिसबाई आपला लाल ट्रक घेऊन हजर. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या, केबलचे चिमटे लावले, पिकअप सुरू. काम दोन मिनिटांचं. त्यानंतरची कॉफी मात्र दहा वाजेपर्यंत. गुरं तिकडे वाट बघत होती.
संकल्प: शुक्रवारपर्यंत बॅटरी कुठे गळते ते शोधायचं. यात डार्लिसबाईंचा काही संबंध नाही. माणसानं स्वावलंबी असावं, एवढंच.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
सगळं वाचून काढलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, मध्ये मीटर लावायचा, मग एकेक फ्यूज उपटत जायचं. जो फ्यूज काढल्यावर मीटरवरचा आकडा खाली येईल, तो चोर. ज्या मुलीनं पर्यावरणशास्त्राची पदवी घेतली तिला हे जड नाही. पदवी डॅडनी फ्रीजरच्या वर लावली आहे. घरातली पहिलीच.
घरचा चार्जर कुठे आहे, असं विचारलं. डॅड म्हणाले, कुणाला तरी दिलाय. कुणाला, ते आठवेना. मग उद्या माझ्या गाडीवरून सुरू करू म्हटलं. तर म्हणे तुझी गाडी लहान आहे, तिला झेपायचं नाही. माझ्या गाडीची एवढी काळजी त्यांना आहे, हे माहीत नव्हतं. बरं वाटलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर
चोर सापडला! मीटरवर चांगला आकडा.
दुपारी दोन: सगळे फ्यूज उपटले. आकडा तसाच. सगळे कुठे होते ते लिहून ठेवायला हवं होतं.
दुपारी चार: बॉनेट उघडलं की आत एक छोटा दिवा लागतो. दिवसभर मी तो दिवाच मोजत होते.
हे डार्लिसबाईंसमोर कळलं. त्या गरम कॅरमल रोल घेऊन आल्या होत्या. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, “मी तर एकदा डोक्यावरचा चष्मा आठवडाभर शोधला होता, बाई.” डॅड यावर इतके हसले की त्यांना खोकला आला. माझ्या विनोदाला ते नाकातून हवा सोडतात.
रोल एक खाल्ला, उद्धटपणा नको म्हणून. दुसराही त्याच कारणानं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
दिवा काढून टाकला. मीटरवर जवळजवळ शून्य. मोहीम फत्ते, दिलेल्या मुदतीत.

शनिवार, ११ ऑक्टोबर
मेलेली.
विशेष म्हणजे डॅड वैतागत नाहीत. खिडकीशी उभे राहून लाल ट्रकची वाट बघतात. दाढी केलेली, केस ओले करून बसवलेले. मम्मी गेल्यापासून चार वर्षांत रविवारशिवाय त्यांनी दाढी केली नव्हती. मी शिकून घरी परत आल्यानं घराला शिस्त लागली आहे, हे स्पष्ट दिसतं.

सोमवार, १३ ऑक्टोबर
आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळखीच्याला एक, अनोळख्याला एक, चर्चच्या पाळकाला एक. आज डॅडच्या शेजारी बसून गावात गेले. धान्यकोठीपाशी लाल ट्रक समोरून आला. डॅडनी चार बोटं उचलली. अंगठाही हलला असावा.
मी मोजत नव्हते. दिसलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
डार्लिसबाई आठवडाभर बहिणीकडे, सू फॉल्स शहरात. आज मी रेडिओच काढून ठेवला.

रविवार, १९ ऑक्टोबर
तीन सकाळी ओळीनं पहिल्या फटक्यात सुरू! दोष रेडिओचाच होता. गावच्या वाचनालयात ‘दुरुस्ती-शनिवार’ सुरू करायचं नक्की केलं. लोक मोडक्या वस्तू आणतील, मी शिकवीन, तालुक्यात कुणी काही फेकणार नाही. पत्रकात आमच्या पिकअपची गोष्ट घालणार.
डॅडना म्हटलं, आता कुणाला त्रास द्यायला नको. ते म्हणाले, “त्रास कसला त्यात.” मग अर्धं ताट तसंच ठेवून उठले. बहुतेक रेडिओची सवय.

गुरुवार, २३ ऑक्टोबर
त्या काल परतल्या. आज पिकअप मेलेली.
सगळा उलगडा झाला. त्यांचा ट्रकच आमची बॅटरी बिघडवतो! त्यांच्याकडून विजेचा जास्तीचा दाब येतो आणि आमची जुनी बॅटरी खचते. त्या नव्हत्या तेव्हा सगळं ठीक होतं, यापेक्षा पुरावा कोणता? हे मी त्यांना केबल लावता लावता शास्त्रीय भाषेत सांगितलं. त्यांनी डॅडकडे पाहिलं. डॅड बुटांकडे पाहू लागले. डार्लिसबाई म्हणाल्या, “ऑरिन, तूच सांग की मुलीला काहीतरी.” डॅडनी सांगितलं की थंडी लवकर येणार दिसते.

शनिवार, २५ ऑक्टोबर
सकाळी सहजच डॅडच्या आधी अंगणात गेले. हेडलाइटचं बटण पूर्ण ओढलेलं, छतातला दिवा चालू, समोरचा कप्पा उघडा, त्यातलाही दिवा चालू. म्हणजे डॅड विसरू लागले आहेत. एकसष्टाव्या वर्षी.
दिवसभर रडू आवरत होते. मी इथे गाड्यांच्या तारा तपासतेय आणि माझा बाप हातातून निसटतोय. शहरातल्या नोकरीचा विचार आता कायमचा बंद. त्यांना मी लागणार. हे लिहिताना जरा बरं वाटलं, त्याची लाज वाटते.

मंगळवार, २८ ऑक्टोबर
दवाखान्यात नेलं. डॅडना वार, तारीख, राज्यपाल, उलटे आकडे, सगळं आलं. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, मागच्या महिन्यातलं काही सांगा. डॅडनी डार्लिसबाईंनी केलेला अ‍ॅपल पाय सांगितला, सारणातल्या दालचिनीसकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांची स्मृती माझ्यापेक्षा बरी आहे.
मग थोडाफार विसरभोळेपणा असेल. त्याला यंत्राचा उपाय आहे.

बुधवार, २९ ऑक्टोबर
बॅटरीच्या टर्मिनलवर वीज तोडणारा स्विच बसवला. त्याची हिरवी फिरकी काढून घेतली की पिकअपमधलं सगळं बंद. कितीही दिवे लावून ठेवा. फिरकी रोज संध्याकाळी मी काढणार, सकाळी मी लावणार. वायर नीट घासून घट्ट आवळली. माझं आजवरचं सर्वांत चांगलं काम.
डॅडनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, “सुबक केलंस.”

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर
दोन्ही सकाळी पहिल्या फटक्यात सुरू. आज डॅड इंजिन चालू ठेवून तसेच बसून राहिले. लाल ट्रक पलीकडे उभा होता. मग इंजिन बंद करून आत आले.
मी विचारलं, काय झालं, चालत नाही का? त्यांनी टोपी टेबलावर ठेवली.
“गाडीला कधी काही झालंच नव्हतं, मारिट. दिवे मीच लावून ठेवायचो.”
मी म्हटलं, मग नुसतं जाऊन कॉफी मागायची की.
“काय कारण सांगून जाणार?” डॅड म्हणाले.
मी फिरकी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

शनिवार, १ नोव्हेंबर
सकाळी डॅड रस्ता ओलांडून गेले. पायी. कारण काय सांगितलं, कळलं नाही. थोड्या वेळानं लाल ट्रक बाहेर पडला, गुरांच्या दिशेनं. डार्लिसबाई चालवत होत्या. डॅड शेजारच्या सीटवर होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना त्या बाजूला बसलेलं पाहिलेलं नाही. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना. बाईंनी थांबून लावून दिला.
मी आमच्या पिकअपमध्ये जाऊन बसले. किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू. कुठे जायचं ते सुचेना, म्हणून बंद केली.