तेलाच्या पंपाचा दांडा आणि गॅरेजची किल्ली, दादाच्या नावे

दादा, त्या दिवशी तू तोंड का उघडलं नाहीस, हा माझा राग अजून गेलेला नाही. गाडी बंद पडल्यावर इंजिनातलं तेल मोजायची कांडी तू ओढून बघितली होतीस. रुमालाला पुसली होतीस, त्याचा डाग मी पाहिला. तेल वरच्या खुणेपर्यंत होतं हे तुला ठाऊक होतं. तरी आप्पांसमोर मान खाली घालून उभा राहिलास. एक शब्द बोलला असतास तर मी तेव्हाच मार खाऊन मोकळा झालो असतो. ही तक्रार आधी नोंदवतो. मग बाकीचं.

मी, घरात भिंगरी म्हणून ओळखला जाणारा, आप्पा मेकॅनिकचा धाकटा मुलगा, वय सव्वीस, शिक्षण सातवी आणि थोडी आठवी, सध्या बोगद्याच्या कामावर पंप चालवणारा, हे पूर्ण शुद्धीत, प्यायलेला नसताना, कोणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवतो. याआधी असा कागद केलेला नाही. तब्येत ठणठणीत आहे, आईने घाबरू नये. पुढच्या आठवड्यापासून आमची पाळी खालच्या बोगद्यात लागते, आणि तिथे उतरणाऱ्या प्रत्येकाने आपल्यामागे काय कोणाला ते लिहून द्यायचं असा इथला नियम आहे. कारकुनाने छापील कागद दिला. त्यात ‘मालमत्ता’ या शब्दापुढे दीड ओळ जागा होती. मालमत्तेला ती पुरली. बाकीच्याला पुरेना, म्हणून वहीची पानं जोडली आहेत. ती सर्व याचाच भाग समजावीत.

कलम एक. गॅरेजची किल्ली माझ्याकडे आहे. पितळी, दोऱ्यात ओवलेली. ती आप्पांनी त्याच दिवशी तुझ्या गळ्यातून काढून माझ्या हातात दिली, तेव्हा दोरा तुझ्या घामाने ओला होता. मी ती अकरा दिवस वापरली आणि बाराव्या दिवशी खिशात घालून निघून आलो. आप्पांनी नंतर कुलूप तोडून नवीन बसवलं असं आईने फोनवर सांगितलं. म्हणजे ही किल्ली आता कशालाच लागत नाही. तरी ती दादाची आहे आणि दादालाच मिळावी.

कलम दोन, हत्यारं. माझी लोखंडी पेटी कॉटखाली आहे. त्यातला वायरी दाबायची पक्कड, मीटर आणि ठिणगीची वेळ बघायचा टायमिंगचा दिवा दादाला. दिवा मी पहिल्या पगारात घेतला. आप्पांना तो कधी लागला नाही. ते बॉनेटवर वाकायचे, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर हात ठेवायचे, डोळे मिटून केसभर फिरवायचे आणि म्हणायचे, “हं, आता बोलतंय.” मला त्याची लाज वाटायची. जग कुठे गेलं आणि आमचे आप्पा अजून कान लावून बसलेत, असं मी गिऱ्हाइकांसमोर बोललोय. एकदा ते त्यांनी ऐकलं. हात पुसून आत गेले. त्या कानाची वाटणी करता आली असती तर मी आधी माझ्या नावावर मागितली असती.

कलम तीन, गाडी. गाडी माझी नाही, त्यामुळे ती देण्याचा हक्क मला नाही. पण ती बंद का पडली हे माझ्याकडे आहे, आणि ते देतो.

आप्पांच्या जुन्या गाडीवर दादा शाळेची मुलं ने-आण करणार होता. शाळेच्या बाईंनी तोंडी होकार दिला होता, फक्त गाडी भरवशाची हवी म्हणाल्या होत्या. ती गाडी ओल्या हवेत सुरू व्हायला रडायची. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला तडा होता, पॉइंट घासून संपले होते. मी म्हटलं, हे सगळं प्रकरणच काढतो. भंगारातल्या नव्या गाडीच्या, ठिणगी पाडणाऱ्या चार कॉइल आणल्या, प्रत्येक प्लगवर एकेक. क्रँकच्या पुलीवर दाते असलेलं चाक, त्याला सेन्सर, वर एक कंट्रोल बॉक्स. फोनवर बघून बघून तीन आठवडे वायरी ओढल्या. डिस्ट्रिब्युटर उपसला, खाली भोक उरलं. लेथवाल्या काकांकडून त्याला ॲल्युमिनियमचं झाकण करून घेतलं. इतकं सुबक झालं होतं की मी ते शर्टाने पुसत बसलो होतो.

आप्पा आले, झाकणाकडे बघितलं आणि विचारलं, “त्याच्याखाली काय फिरत होतं ते बघितलंस का?”

मी म्हटलं, “सगळं बघितलंय.”

“नीट?”

“आप्पा, तुमचा जमाना गेला. बघितलंय म्हटलं ना.”

बघितलं नव्हतं. मला वाटलं त्यांच्या पोटात दुखतंय, म्हणून खोड काढतायत.

त्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचं खालचं टोक तेलाचा पंप फिरवतं. मी दांडा काढला आणि वर झाकण ठोकलं. म्हणजे इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये तेल काठोकाठ, आणि वर थेंबही चढत नाही. तेलाचा दाब गेला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागायला हवा. तो बल्ब कित्येक वर्षं उडालेला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चार कॉइल बसवल्या, चिल्लर पैशांचा बल्ब बसवला नाही.

दादाने त्या सकाळी स्वतः तेल बदललं. नव्या कामाला नवं तेल, म्हणाला. अंगणात गाडी एका चावीत सुरू झाली, आईने हात जोडले, आणि दादा शाळेच्या बाईंना दाखवायला निघाला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

“भिंगरी, वरून टकटक येतंय रे. थांबू का?”

मी म्हटलं, “नवीन आहे, बसेल. दाब पाय.”

हे माझे शब्द आहेत. यात खाडाखोड केलेली नाही.

इंजिन जाम झाल्याचा दुसरा फोन आला तेव्हा मी स्कूटरवर पुढे गेलो, आप्पा मागून टेंपोने यायचे होते. दादा समोरच्या दुकानात पाणी आणायला गेला होता. मी कांडी ओढली. तेल पूर्ण. झाकणावर हात ठेवला आणि आप्पांचा प्रश्न आठवला. गाडी गटाराच्या जाळीवर उभी होती. मी खाली घुसलो आणि चेंबरचा नट सैल करून सगळं तेल सोडून दिलं. मनगट भाजलं. ती खूण अजून आहे, म्हणून मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो.

आप्पांनी वाकून बघितलं. नट लोंबतोय, चेंबर कोरडं. सकाळी तेल कोणी बदललं होतं, हे विचारायची गरज नव्हती. जो माणूस केसभर टायमिंग ऐकायचा, त्याने मागच्या रस्त्यावर तेलाचा एकही थेंब का नाही हे बघितलं नाही. इतके रागावले होते. “ज्याला एक नट आवळता येत नाही, त्याच्या गाडीत लोकांची लेकरं बसवू?” असं सगळ्यांदेखत म्हणाले. दादाने माझ्या मनगटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जमिनीकडे.

शाळेचं काम गेलं. दादा आता दुसऱ्याच्या दुकानात खोकी उचलतो. दोघं एका घरात जेवतात आणि मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागतात. मी तेव्हापासून तीन नोकऱ्या बदलल्या. पायाला भिंगरी, असं लोक म्हणतात. तसं असतं तर बरं होतं.

कलम चार. पेटीत फडक्यात गुंडाळलेला एक दांडा आहे, तो दादाला. तोच आपला जुना डिस्ट्रिब्युटर. येताना चोरून आणला होता. इथल्या वर्कशॉपमध्ये वरचं डोकं कापलं, खालचा दांडा आणि गिअर तसाच ठेवला, वर भोक बंद करायला चकती बसवली. तो त्या भोकात उतरवला की पंप फिरेल आणि कॉइलही आपल्या जागी राहतील. जसा होता तसा परत करू शकत नाही, कापून झाला. बसवण्याआधी भोकातून लांब पेचकस घालून ड्रिलने पंप फिरवायचा, वरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी बघायचं, मगच चावी लावायची. सोबत लाल दिव्याचा बल्ब आहे. आधी बल्ब. टायमिंग आता बॉक्स धरतो, तरी पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा आप्पांना शेजारी उभं करा. ते डोळे मिटतील तेव्हा कोणी बोलू नये.

कलम पाच. बूट आणि रजई वरच्या बंकवरच्या वेल्डरला. फोन आईला. लेथवाल्या काकांवर माझा राग होता की खाली काय फिरतं हे त्यांनीही विचारलं नाही. तो राग मी या कागदाने सोडतो. त्यांनी झाकण मागितलं तसं दिलं.

इथे कागद संपायचा होता. मी मेल्यावर हा उघडावा, असं शेवटी लिहिलं होतं. साक्षीदाराने फक्त सही करताना बघायचं असतं, वाचायचं नसतं, असं कारकून म्हणाला. साक्षीला बसवलेल्या वेल्डरने वाचलं. पेन खाली ठेवला.

“म्हणजे तू मरायचं, मग तुझ्या भावाने निर्दोष सुटायचं?”

मी म्हटलं, “नियम तसाच आहे.”

“आणि तू म्हातारा होईपर्यंत जगलास तर? तो खोकी उचलत बसेल तोपर्यंत? शहाणाच आहेस. मेलेल्याला शिव्या घालत नाहीत, म्हणून ही सोय. मी नाही सही करत.”

दुसरा साक्षीदार, कॅम्पचा स्वयंपाकी, म्हणाला, “तो नाही तर मी पण नाही.”

म्हणून कलम सहा, आणि ते वरच्या सगळ्यावर चालेल. कलम तीन आणि चार यांना माझ्या मरणाची गरज नाही. या कागदाची एक प्रत, किल्ली, दांडा आणि बल्ब आजच्या पार्सलने जात आहेत. पार्सल आप्पांच्या नावाने आहे, दादाच्या नाही. दादा फोडेल आणि परत गप्प बसेल, म्हणून. आप्पा, तुम्हाला चष्मा लावूनही वाचायला त्रास होतो. दादाकडून मोठ्याने वाचून घ्या. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरवा. रविवारी दुपारी फोन चालू ठेवीन.

वरील मजकूर माझा आहे, वाचून बरोबर वाटला, दोघांसमोर सही करतो.

सही: भिंगरी
साक्षीदार एक: वेल्डर, वरचा बंक (आता केली)
साक्षीदार दोन: कॅम्पचा स्वयंपाकी
ठिकाण: कामगारांची खोली, सहा खाटांची, खिडकीकडची खाट
तारीख: कराराच्या सातव्या महिन्याची अकरा

ता. क. जाम इंजिनाच्या दुरुस्तीचा, क्रँक घासणं, बोअर, बेअरिंग आणि मजुरी असा अंदाज लेथवाल्या काकांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला होता. दादा तो घेऊन आला, तेव्हा आप्पांनी फाडला. तुकडे मी उचलले होते, जोडून ठेवले आहेत. भाव वाढले असतील, तो फरक पुढच्या पगारात. आज पुठ्ठ्यावरचाच आकडा पाठवतो: एक्केचाळीस हजार आठशे.