गॅसचा कान

आई, आज एका मुलीने मला तिच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, म्हणून लिहायला बसले. माझ्याशी असं वागायची हिंमत आजवर फक्त तू केली होतीस.

मुलगी चोवीस वर्षांची आहे. आपल्या दादासारखीच, कळतं सगळं, पण वेळ लागतो. अशा तरुण मुलामुलींना आपापलं जगायला शिकवणाऱ्या इथल्या एका संस्थेची मी स्वयंसेवक आहे. दर शनिवारी एलआरटीच्या छोट्या रेल्वेने बुकित पंजांगला तिच्या फ्लॅटवर जाते. तिची आई पुढच्या महिन्यापासून दिवसपाळीला जाणार. मुलीला दुपारचं करून खाता आलं, आठवणीने गॅस बंद करता आला, तर ती स्वतःच्या घरी राहील. नाहीतर रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला, मरीन परेडला तिच्या मावशीकडे, टीव्हीसमोर. "आय नॉट बेबी," ती मला सांगते.

संस्थेने दिलेली चित्रांची कार्डं ती कौतुकाने बघायची आणि गॅस चालूच ठेवायची. शेवटी मी तिला तुझी युक्ती शिकवली. चहा गाळून झाला की तू दादाला सांगायचीस, "आता गॅसचा कान पिरगाळ." दादा बटण फिरवायचा आणि वर दम द्यायचा, "गप्प झोप." एकदा मला शाळेची घाई होती, त्याच्याआधी मीच हात घालून गॅस बंद केला. तू मला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत आणलंस. "तुला येतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याचं त्याला करू दे." मग तूही माझ्याशेजारी बसलीस, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. मला वाटलं, तुला थंडी वाजतेय. तू गेलीस तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादाने चहा केला. हे तुला कोण सांगणार होतं?

आज तिची परीक्षा होती. तांदळाच्या शेवया आणि अंडं. कढईत तेल जास्त तापलं, धूर निघाला. तिची आई दारातून म्हणाली, "सी? कॅनॉट." आणि मी, नव्या स्वयंसेवकांना 'हात मागे ठेवा' म्हणून सुनावणारी मी, पुढे होऊन बटणाला हात घातला. मुलीने माझं मनगट धरलं. "आंटी, माय गॅस. यू गो आउट." मी तिला चढ्या आवाजात समजावू लागले. "गो आउट लाह," ती इथल्या ठसक्यात म्हणाली आणि आम्हा दोघींना बाहेर काढून दार लावून घेतलं.

"यू ऑल्सो गेट स्कोल्डिंग," तिची आई म्हणाली आणि जरा हसली. मग आम्ही दाराबाहेर बसून राहिलो. आत काहीतरी आपटलं. मग नुसती शांतता. तिची आई दोनदा उठली, दोनदा मी तिला बसवलं. सहज खाली पाहिलं तर माझे दोन्ही हात मांड्यांखाली. आई, तुला थंडी वाजत नव्हती.

मग आतून तिचा आवाज आला, गॅसला दम देणारा, "इअर ट्विस्ट ऑलरेडी. नाउ यू स्लीप." दार उघडलं. तीन वाडगे. शेवया तळाला लागल्या होत्या. तिची आई गॅस बघायला उठू लागली. मुलीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती परत बसली आणि खाऊ लागली.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, तेवढं मला कळतं. तरी एक कबूल करते. वाडगे ठेवायच्या निमित्ताने मी आत गेले आणि बटण चाचपून पाहिलं. बंद होतं. तूही दादाच्या मागून पाहायचीस का, हे विचारायचं राहिलं.

निघताना दिलं-घेतलं ते असं: तिच्या आईने मुलीला घराची किल्ली, लाल दोरीत ओवून. मुलीने मला उरलेल्या करपलेल्या शेवया, डब्यात.